जपानच्या सहलीत सुशीच्या काउंटरवर जेवताना: आरक्षणापासून बिलापर्यंत

जपानला सहलीसाठी जाणाऱ्या मराठी कुटुंबांचे सुशीच्या दुकानातले जेवण बिघडते, ते बहुतेक वेळा कच्च्या मासळीच्या चवीमुळे नव्हे, तर कामांचा क्रम चुकल्यामुळे. जे आरक्षण करताना सांगायला हवे ते आपण घास समोर आल्यावर सांगतो आणि जे घरून निघण्यापूर्वी ठरवायला हवे त्यावर दुकानाच्या दारात चर्चा करतो. आठ-दहा खुर्च्यांच्या लहान दुकानातला मुख्य कारागीर, ज्याला तिथे ‘ताइशो’ म्हणतात, त्या दिवशीची मासळी येणारी डोकी मोजून घेतो. म्हणूनच आपल्या बाजूचा प्रत्येक निर्णय ती खरेदी होण्यापूर्वी त्याच्यापर्यंत पोहोचलेला असला पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती लावलेल्या आहेत.

ही चूक आमच्या घरानेही केली आहे. माझ्या धाकट्या बहिणीला कोळंबी आणि खेकडा चालत नाही. खाल्ला की अंगावर गांधी उठतात. टोकियोत एका काउंटरवर आम्ही हे सांगितले, ते पहिला घास तिच्यासमोर ठेवला गेल्यानंतर. ताइशोने सुरी खाली ठेवली, ओल्या फडक्याने पाटा पुसला, दुसरी सुरी काढली, हात धुतले आणि समोरच्या लाकडी पेटीतली मासळी नव्याने लावायला घेतली. तो एक शब्दही बोलला नाही. शेजारी बसलेल्या सहा अनोळखी माणसांचे जेवण मात्र तेवढा वेळ थांबले आणि बहिणीच्या वाट्याचे तीन पदार्थ रद्द झाले, कारण त्यांच्याऐवजी द्यायला त्या दिवशी दुकानात दुसरे काही आणलेलेच नव्हते.

## १. आधी माणसांची यादी करा

दुकान शोधायला बसण्यापूर्वी कागद घ्या आणि सोबत येणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टी लिहा: काय खात नाही, काय खाल्ल्याने त्रास होतो, कोणत्या वारी किंवा तिथीला मासळी वर्ज्य आहे, आणि जमिनीवर बसता येते की नाही.

वाराचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण मी पाहिलेल्या रद्द आरक्षणांमागे बहुतेकदा तोच असतो. परदेशात वार कोण पाळतो, असे निघताना सगळे म्हणतात आणि प्रत्यक्ष गुरुवार उजाडला की आई किंवा सासूबाई शांतपणे सांगतात की आज माझे नको. त्यांना विचारायचे ते इथे, घरी, कालनिर्णय समोर ठेवून. संकष्टी, एकादशी आणि सहल श्रावणात येत असेल तर तेही पाहून.

त्रास होणाऱ्या पदार्थांची नोंद नेमकी हवी. ‘सीफूड चालत नाही’ असे लिहून भागत नाही. कोळंबी, खेकडा आणि शेवंड चालत नाही की कालवे-तिसऱ्यांसारखी शिंपल्यातली मासळीही चालत नाही, हे वेगळे लिहा. गव्हाचे वावडे असणाऱ्याने हेही लक्षात घ्यावे की नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. जपानमध्ये पाकीटबंद पदार्थांवर अंडी, दूध, गहू, कोळंबी, खेकडा, शेंगदाणे, सोबा आणि अक्रोड यांसारख्या ठरावीक घटकांचा उल्लेख बंधनकारक आहे. मात्र हे बंधन रेस्टॉरंटमध्ये वाढलेल्या जेवणाला लागू नाही. तिथे विचारण्याची जबाबदारी आपलीच आहे.

गरोदर स्त्रीने कच्ची मासळी टाळावी, हे आपल्याकडचे डॉक्टर सांगतातच. त्याशिवाय जपानच्या आरोग्य मंत्रालयाने पाऱ्याच्या प्रमाणामुळे गरोदर स्त्रियांसाठी मोठ्या ट्यूना जाती, मेकाजिकी (स्वोर्डफिश) आणि किन्मेदाई यांसारख्या माशांचे प्रमाण मर्यादित ठेवायला सांगितलेले आहे. त्यामुळे ‘शिजवलेले आहे ना, मग चालेल’ हा हिशेब या माशांना लागू होत नाही.

इशारा: शाकाहारी माणसाला सोबत नेण्यापूर्वी हे वाचा. सुशीच्या दुकानात ‘व्हेज’ म्हणून जे दिसते त्यातले पुष्कळसे शाकाहारी नसते. याचे कारण दाशी. धुरी देऊन, सुकवून लाकडासारखा कडक केलेला कात्सुओ मासा तासून त्याचे पापुद्रे आणि कोंबू नावाचे समुद्रशैवाल गरम पाण्यात टाकून जो अर्क काढतात, तो दाशी. आपल्याकडे भाजीत मूठभर सुकट टाकली तर ती भाजी शाकाहारी राहत नाही, तसेच हे आहे; फरक एवढाच की दाशी डोळ्यांना दिसत नाही. मिसो सूपमध्ये ती असते. अंड्याच्या गोडसर वड्यांत, म्हणजे तामागोयाकीत, ती बहुधा असते. इनारीचे तळलेले तोफू आणि कानप्योच्या गुंडाळीतला दुधीसारखा काप तिच्यातच शिजवलेला असतो. भाज्यांच्या तेंपुरासोबत येणाऱ्या पातळ सॉसमध्येही ती असते, आणि ते तेंपुरा ज्या तेलात तळतात त्यात कोळंबीही तळली गेलेली असते. उरतात त्या बहुधा काकडीची काप्पामाकी आणि लोणच्याच्या मुळ्याची गुंडाळी.

म्हणून काटेकोर शाकाहारी व्यक्तीला काउंटरवर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन तास काकडी खात बसलेली व्यक्ती आणि तिच्याकडे अपराधी नजरेने पाहत खाणारे इतर, अशा जेवणात कोणालाच सुख नसते. त्या दिवशी दोन गट करावेत, शाकाहारी मंडळींनी बौद्ध मठांच्या परंपरेतले ‘शोजिन र्‍योरी’ किंवा एखादे भारतीय रेस्टॉरंट निवडावे आणि सगळ्यांनी रात्री हॉटेलवर एकत्र यावे.

## २. दुकानाचा प्रकार निवडा

एकाच ‘सुशी’ या नावाखाली चार वेगळ्या पद्धतीची दुकाने येतात आणि त्यांचे नियम एकमेकांना लागू होत नाहीत.

कैतेन-झुशी, म्हणजे फिरत्या पट्ट्याचे दुकान. एका ताटलीची किंमत साधारण १००-१५० येनपासून सुरू होते, मुले चालतात, आरडाओरडा चालतो आणि टेबलावरच्या पडद्यावर इंग्रजी मेन्यू असतो. अनेक साखळी दुकानांनी आता पट्ट्यावर उघड्या ताटल्या फिरवणे बंद केले आहे; आपण पडद्यावर मागवायचे आणि ताटली सरळ आपल्यासमोर येऊन थांबते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी.

इझाकाया हे मुळात मद्यपानाचे ठिकाण, पण भाजलेली, तळलेली आणि कच्ची मासळी तिथे उत्तम मिळते व सगळे पदार्थ मध्ये ठेवून वाटून खाता येतात. बसल्याबरोबर न मागवता एक छोटी वाटी समोर येते. तिला ‘ओतोशी’ म्हणतात आणि तिचे माणशी काही शे येन बिलात लागतात. ती फसवणूक नाही, बसण्याचा आकार आहे. त्यावरून वाद घालू नये.

बाजारातली दुकाने. टोकियोचा त्सुकिजी इथला घाऊक मासळी बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला हलला, पण त्सुकिजीचा बाहेरचा किरकोळ बाजार जागेवरच आहे. भातावर मासळीचे काप रचलेला ‘काइसेनदोन’ तिथे खावा. सकाळी लवकर जावे, कारण दुपारी दोनच्या सुमारास बरीच दुकाने आवरायला लागतात. विकत घेतलेला पदार्थ त्याच दुकानासमोर उभे राहून संपवावा. खात खात बाजारातून चालू नये.

काउंटर आणि ओमाकासे. इथे मेन्यू नसतो. ‘ओमाकासे’ म्हणजे ‘तुमच्यावर सोपवले’. ताइशो जे देईल, ज्या क्रमाने देईल, तसे खायचे. टोकियोत दुपारचे ओमाकासे माणशी ५,००० ते १०,००० येनांत मिळू शकते, तर नावाजलेल्या दुकानात रात्रीचे २०,००० ते ४०,००० येनांपर्यंत किंवा त्याहून वर जाते. कारागीर आणि भात बहुधा तोच असल्यामुळे पहिल्या वेळेला दुपारच नक्की करावी.

मुंबई-पुण्यात जपानी पद्धतीच्या रेस्टॉरंटमध्ये मेयोनेज, क्रीम चीज आणि तळलेला चुरा घातलेले रोल खाऊन ज्यांना सुशी आवडू लागली आहे, त्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी: जपानमधल्या काउंटरवर तो पदार्थ मिळत नाही. तिथे मुख्य असते निगिरी, म्हणजे व्हिनेगर लावलेल्या भाताच्या लांबट मुटक्यावर ठेवलेला माशाचा एक काप.

तपासणी: यादीतल्या सर्वात लहान आणि सर्वात वयस्क माणसाला निवडलेला प्रकार झेपतो का? अनेक काउंटर लहान मुलांना प्रवेश देत नाहीत. उत्तर ‘नाही’ असेल तर सगळ्यांना कैतेन-झुशीला न्या आणि काउंटरवर फक्त दोघे-तिघे जा.

## ३. दिवस ठरवा

तोयोसूचा बाजार रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो. त्यामुळे टोकियोतली सुशीची अनेक चांगली दुकानेही त्या दिवशी बंद असतात. गुरुवार पाळणारे कोणी सोबत असेल तर आठवड्यातले तीन दिवस असेच गेले, हे लक्षात घेऊन बाकीची सहल आखा. मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार बहुतेक कुटुंबांना सोयीचे पडतात. एप्रिलअखेर ते ५ मे हा सुट्ट्यांचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यातला पितरांचा ओबोन सण आणि वर्षअखेरीपासून ३-४ जानेवारीपर्यंतचे दिवस टाळावेत. तेव्हा दुकाने बंद तरी असतात किंवा भरलेली तरी.

हंगामही पाहावा. आपल्याकडे पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत कोणी समंजस माणूस ताज्या पापलेटची अपेक्षा धरत नाही, तसेच तिथेही प्रत्येक मासळीचे दिवस ठरलेले आहेत. जपान समुद्राच्या बाजूचा झुवाई खेकडा ६ नोव्हेंबरपासून धरायला परवानगी मिळते आणि हिवाळाभर चालतो. बुरी हा चरबीदार मासा थंडीतच खावा. तोयामाच्या खाडीतले चमकणारे छोटे माकुल वसंतात मिळते. कात्सुओ दोनदा येतो, वसंतात हलका आणि शरदात तेलकट. ठरावीक मासळीचा हट्ट धरून जाण्यापेक्षा आपल्या तारखांना तिथे काय चांगले आहे, ते पाहून जावे.

## ४. आरक्षण करा, आणि त्याच वेळी सगळे सांगा

या पायरीवर सर्वात जास्त वेळ घालवावा.

लहान काउंटरला फोन केल्यास बहुधा जपानीतच बोलावे लागते. त्यामुळे टेबलचेक किंवा ‘ओमाकासे’ याच नावाची सेवा, अशा ऑनलाइन आरक्षण सेवा वापराव्यात, किंवा ज्या हॉटेलात उतरणार आहात तिथल्या स्वागतकक्षाला ईमेल करून त्यांच्याकडून करून घ्यावे. दुसरा मार्ग अधिक चांगला, कारण आपले म्हणणे जपानीत, योग्य आदराने आणि नेमके पोहोचते. नावाजलेल्या जागा महिना-दोन महिने आधी भरतात.

आरक्षणासोबत पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात:

- माणसांची अचूक संख्या. ‘पाच किंवा सहा’ असे कळवू नये. आठ खुर्च्यांत एक खुर्ची फार मोठी असते.
- कोणाला कशाचे वावडे आहे, आणि ते आजारामुळे की आवडीमुळे. आजार असेल तर तसे स्पष्ट लिहा. सुरी आणि पाटा बदलायचा की नाही हे त्यावर ठरते.
- कच्चे अजिबात न खाणारे कोणी असेल तर ते. काही दुकाने शिजवलेले पर्याय देतात, काही नम्रपणे नकार देतात. नकार आला तर दुसरे दुकान पाहा. ‘गेल्यावर काहीतरी करतील’ या भरवशावर राहू नका.
- वासाबी, म्हणजे झणझणीत हिरवा लेप, नको असेल तर ते. ‘साबी-नुकी’ एवढा शब्द पुरतो.
- गुडघ्यांचा त्रास. तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, मांडी घालून किंवा वज्रासनात तासभर बसणे आजी-आजोबांना जमत नाही. खुर्ची मागावी, किंवा ‘होरीगोतात्सु’ विचारावे, ज्यात टेबलाखाली पाय सोडायला खड्डा असतो.

बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डाचा तपशील घेतला जातो. आदल्या दिवशी रद्द केले तरी बरीच रक्कम कापली जाऊ शकते आणि न कळवता गैरहजर राहिल्यास बहुधा माणशी पूर्ण पैसे जातात. अटी वाचूनच कार्डाचा नंबर द्यावा. परदेशी व्यवहारासाठी आपले कार्ड बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून ठेवावे. ते बंद असल्यामुळे आरक्षणच न झाल्याचे अनेकांच्या उशिरा लक्षात येते.

तपासणी: उत्तरात आपण कळवलेले वावडे परत लिहून आले आहे का? केवळ ‘आरक्षण पक्के’ असा निरोप पुरेसा नाही. वावड्याचा उल्लेख नसेल तर पुन्हा विचारा, आणि हॉटेलच्या स्वागतकक्षाकडून तेच जपानीत एका कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगायची वेळ आलीच तर ‘एबी तो कानी नो आरेरुगी गा आरिमासु’ म्हणजे ‘कोळंबी आणि खेकड्याची ॲलर्जी आहे’.

## ५. त्या दिवशीची तयारी

अत्तर, परफ्यूम आणि वासाचे केसांचे तेल लावू नये. शेजारचा माणूस हातभर अंतरावर बसलेला असतो आणि मासळीचा व भाताचा मंद वास हा त्या जेवणाचा भाग असतो. मोगऱ्याचा गजराही त्या दिवशी नको.

हातातल्या पाटल्या, बांगड्या आणि मोठी अंगठी हॉटेलवरच काढून ठेवावी. चांगल्या दुकानाचा काउंटर बहुधा हिनोकीच्या एकाच फळीचा, पॉलिश न केलेला आणि हाताला रेशमासारखा लागणारा असतो. ते लाकूड मऊ असते. पाटली घातलेला हात टेकवून सहज सरकवला की तिची रेघ उमटते आणि ती पुसून जात नाही. मोबाइल, चाव्या आणि चष्म्याचे घरही त्यावर ठेवू नये.

मोजे स्वच्छ आणि न फाटलेले असावेत, कारण बूट काढावे लागू शकतात. रोख येन जवळ ठेवावेत. काही लहान दुकाने आजही कार्ड नाकारतात. घरून आणलेली लसणीची चटणी, ठेचा किंवा लोणचे हॉटेलच्या खोलीतच राहू द्यावे. बाहेरचा पदार्थ दुकानात काढणे तिथे निषिद्ध आहे, आणि लसूण एकदा जिभेवर आला की पुढच्या पांढऱ्या मासळीची चव हाती लागत नाही.

पाच-दहा मिनिटे आधी पोहोचावे. अर्धा तास आधी जाऊन दारात उभे राहू नये आणि उशीर तर मुळीच करू नये, कारण अनेक काउंटरवर सगळ्यांचे जेवण एकाच वेळी सुरू होते. उशीर होणारच असेल तर हॉटेलला फोन करून त्यांच्याकडून दुकानाला कळवावे. पत्ता आदल्या दिवशी नकाशावर पाहून ठेवावा. कित्येक दुकाने इमारतीच्या तळघरात किंवा पाचव्या मजल्यावर असतात आणि बाहेर फक्त एक छोटा पडदा दिसतो.

## ६. बसल्यापासून पहिल्या घासापर्यंत

दाखवलेल्या जागीच बसा. गरम ओला पंचा, म्हणजे ‘ओशिबोरी’, येईल. त्याने हात पुसायचे, तोंड आणि मान नाही. नंतर तो घडी करून बाजूला ठेवायचा, कारण हाताने खाणार असाल तर मधूनमधून लागतो.

मद्य घेत नसाल तर संकोच नको. ‘ओचा’ म्हटले की हिरवा चहा मिळतो. इझाकायात मात्र माणशी एक पेय मागवण्याची रीत आहे. तिथे ऊलाँग चहा मागवून ती पाळता येते.

इशारा, कैतेन-झुशीत जाणाऱ्यांसाठी: टेबलावर एक छोटा नळ असतो आणि त्याला बहुधा काळे बटण असते. तो हात धुण्याचा नळ नाही. त्यातून चहासाठीचे कडकडीत पाणी येते आणि कप दाबून धरल्याबरोबर ते पडते. कपात हिरव्या चहाची पूड घालून वरून ते पाणी घ्यायचे. जेवणापूर्वी हात धुण्याची आपली सवय इतकी पक्की असते की मुले सरळ तिथे हात नेतात. टेबलाशी बसण्याआधीच मुलांना हे सांगा.

जेवणाच्या काड्यांबाबत (चॉपस्टिक्स) दोनच नियम कडक आहेत. त्या भातात उभ्या खोचू नयेत, आणि एका काडीजोडीने धरलेला पदार्थ दुसऱ्याने आपल्या काड्यांनी घेऊ नये. पहिली कृती मृतासमोर ठेवलेल्या भाताची असते आणि दुसरी दहनानंतर अस्थी उचलण्याची. हे ज्यांना कळते, त्यांना ते पाहून त्रास होतो.

## ७. खाण्याचा क्रम आणि पद्धत

निगिरी हाताने खाल्लेली चालते आणि आपल्या माणसांना तेच सोपे जाते. अंगठा आणि दोन बोटांनी ती बाजूने धरा, किंचित कलती करा आणि माशाची बाजू सोया सॉसला हलकेच टेकवा. भात बुडवला की तो सॉस शोषून घेतो, मुटका फुटतो आणि अर्धा सॉसमध्येच राहतो. ही सर्वात सामान्य चूक आहे. ताइशोने कुंचल्याने मासळीवर सॉस आधीच लावला असेल तर आणखी लावू नये. माशावर चकाकी दिसली की ओळखावे. घास एकच करावा, अर्धा तोडून परत ठेवू नये.

समोर ठेवल्यावर लगेच खा. सुशीचा भात अंगाच्या उबेइतका कोमट असतो आणि वरची मासळी थंड. हा फरक मिनिटभरच टिकतो. नोरीत, म्हणजे समुद्रशैवालाच्या पातळ पापुद्र्यात, गुंडाळलेली माकी तर हातात आल्या क्षणी खावी, कारण पापडासारखी कुरकुरीत नोरी भाताच्या वाफेने चिवट होते. पहिले दोन फोटो काढायचे तर ताइशोला विचारून, फ्लॅश न वापरता, झटकन काढा.

वासाबी निगिरीत आतच लावलेली असते. काउंटरवर ती सोया सॉसमध्ये कालवू नये. आल्याचे गोडसर काप, ज्यांना ‘गारी’ म्हणतात, दोन घासांमध्ये तोंड साफ करण्यासाठी असतात. ते लोणच्यासारखे माशावर ठेवून खायचे नसतात.

ओमाकासेत क्रम ताइशोच ठरवतो. कैतेन-झुशीत किंवा स्वतः मागवताना मात्र आधी पांढरी, हलकी मासळी घ्यावी, जसे ताई आणि हिरामे. मग ट्यूनाचा लाल भाग आकामी. त्यानंतर साबा व इवाशी यांसारखी निळसर पाठीची तेलकट मासळी. शेवटी गोड सॉस लावलेली आनागो, एखादी गुंडाळी आणि तामागो. ट्यूनाच्या पोटाचा लोण्यासारखा ओतोरो सुरुवातीला खाल्ला तर पुढचे सगळे पाणचट लागते.

कच्चे खायला मन कचरते त्यांनी स्वतःवर जबरदस्ती करू नये. त्यांच्यासाठी वेगळा क्रम सांगते. प्रथम उकडलेली कोळंबी, म्हणजे एबी. मग शिजवलेली आनागो. ती आपल्या वामीच्या जवळ जाते. त्यानंतर ‘आबुरी’, म्हणजे वरून ज्वालेने भाजलेली मासळी. मग आकामी, जिला जवळजवळ वासच नसतो. साबा हा आपल्या बांगड्याच्याच कुळातला, व्हिनेगरमध्ये मुरवलेला. तो बांगडा आवडणाऱ्यांना लगेच ओळखीचा वाटतो. इकुरा म्हणजे सामन माशाची गाबोळी, पण कच्ची आणि खारवलेली. दाणा जिभेखाली फुटतो, म्हणून ती नंतर घ्यावी. समुद्री साळूची उनी सर्वात शेवटी. इझाकायात असाल तर ‘साबा शिओयाकी’, म्हणजे मीठ लावून भाजलेला साबा, निःशंकपणे मागवावा. त्याची कातडी भाजून फुगलेली असते आणि खाली रस सुटलेला असतो; हा पदार्थ मालवणच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

इशारा: व्हिनेगर, वासाबी किंवा मीठ लावल्याने मासळीतला आनिसाकिस हा परजीवी मरत नाही. तो मारण्यासाठी उणे २० अंश सेल्सिअसला किमान २४ तास गोठवणे किंवा नीट शिजवणे लागते. नेहमीच्या सुशीच्या दुकानात कारागीर मासळी उजेडात धरून तपासतात, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण बाजारातून कच्ची मासळी विकत घेऊन भाड्याच्या घरात स्वतः ‘साशिमी’ कापण्याचा प्रयोग सहलीत करू नये.

तपासणी: कैतेन-झुशीत गोमांस किंवा डुकराचे मांस ठेवलेली निगिरीही मिळते. पडद्यावरची चित्रे पाहून भराभर बोट लावण्यापूर्वी नाव वाचा. ‘ग्यू’ म्हणजे गाय-बैल, ‘बुता’ म्हणजे डुक्कर, ‘निकू’ म्हणजे मांस. फिरत्या पट्ट्यावरून एकदा उचललेली ताटली परत ठेवता येत नाही.

## ८. बिल आणि निरोप

आपल्या कोकण-गोव्याच्या खाणावळीत मोठ्या मासळीपुढे ‘ॲज पर साइज’ लिहिलेले असते. तिथे त्याच अर्थाने ‘जिका’, म्हणजे आजचा भाव, असते. खेकडा, शेवंड, उनी आणि कालवांपुढे ते दिसले तर मागवण्यापूर्वी विचारावे: ‘इकुरा देसु का?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ ओमाकासे संपल्यावर ‘आणखी काही?’ असे विचारले जाते. त्यानंतर मागवलेल्या प्रत्येक निगिरीचे पैसे वेगळे लागतात, हे अनेकांना बिल पाहूनच कळते.

बसून खाल्ल्यास १० टक्के उपभोग कर लागतो. काही काउंटर त्यावर सेवाशुल्कही घेतात. मेन्यूवरची किंमत करासहित आहे की कराविना, हे आधी पाहून घ्यावे. बिल मागताना ‘ओकाइकेई ओनेगाईशिमासु’ म्हणावे. पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवावेत. टीप ठेवू नये. ठेवलीत तर विसरलेले पैसे समजून कोणीतरी रस्त्यापर्यंत धावत येऊन ते परत देईल. काउंटरवर माणशी वेगवेगळी बिले मागू नयेत. एकाने द्यावेत आणि हिशेब हॉटेलवर करावा.

निघताना ताइशोकडे पाहून ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणावे. काउंटरवरची पुढची पाळी ठरलेली असते, त्यामुळे जेवण झाल्यावर गप्पा मारत बसू नये.

## ९. त्या रात्री

मासळी खाल्ल्यानंतर काही तासांत, साधारण त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत, वरच्या पोटात असह्य कळा आणि उलट्या सुरू झाल्या तर अॅसिडिटी समजून गोळी घेऊन झोपू नये. हॉटेलच्या स्वागतकक्षाला सांगून डॉक्टरकडे जावे आणि कच्ची मासळी कधी व कोणती खाल्ली ते सांगावे. आनिसाकिस असेल तर तो दुर्बिणीने पाहून काढता येतो. ओठ-जीभ सुजणे, घशात आवळल्यासारखे वाटणे किंवा श्वास लागणे हे वावड्याचे लक्षण आहे. तेव्हा थांबू नये, लगेच ११९ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. प्रवास विम्याची पॉलिसी आणि आरक्षणाच्या वेळी जपानीत लिहून घेतलेला तो कागद एकाच पाकिटात ठेवावा, आणि ते पाकीट ज्याला वावडे आहे त्याच्याजवळ न ठेवता सोबतच्या दुसऱ्या माणसाकडे द्यावे.